पेशीपटल आणि शरीराची समस्थिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना पेशीपटलाचा धडा आला की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. काही मुलांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही नर्सिंग शिकणाऱ्या जुन्या विद्यार्थिनींचे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा सविस्तर उत्तरं लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे आणि पुढे अवघड, असा क्रम आहे. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पेशीपटल आणि पेशीभित्तिका एकच का?

नाही, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच गोंधळात जातात. पेशीपटल (पाठ्यपुस्तकात प्रद्रव्यपटल असाही शब्द आहे) प्रत्येक जिवंत पेशीला असतंच. ते पातळ, मऊ, सतत हलतं आवरण आहे. त्याची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत अशी सुमारे सव्वा लाख पटलं एकावर एक मावतील. पेशीभित्तिका या पटलाच्या बाहेर असते, ताठ असते आणि ती वनस्पती, बुरशी, बहुतेक जिवाणू यांना असते. माणसाच्या पेशीला भित्तिका नाही. आत जास्त पाणी शिरलं की आपली पेशी फुटू शकते आणि पालकाच्या पानातली फुटत नाही, त्याचं कारण हेच (प्रश्न ७ आणि ८).

२. समस्थिती म्हणजे पेशीच्या आत आणि बाहेर सगळं सारखं असणं ना?

नेमकं उलट. हा गैरसमज एकदा गेला की पुढचा सगळा धडा सोपा होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

रक्तद्रवात एका लीटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल असतं. पेशीच्या आत ते जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं उलट आहे: बाहेर ३.५ ते ५, आत सुमारे १४०. कॅल्शियमचा फरक तर डोळे विस्फारायला लावणारा आहे, आतल्यापेक्षा बाहेर साधारण दहा हजार पट जास्त. ही तफावत टिकवणं हेच पेशीचं जगणं आहे. समस्थितीतला ‘सम’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असा अर्थ नाही. आतलं जसं हवं तसंच राहिलं पाहिजे, बाहेर काहीही होवो, हा त्याचा अर्थ.

शरीराच्या आतलं वातावरण स्थिर असतं हा विचार फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. त्याला आज आपण वापरतो ते इंग्रजी नाव, होमिओस्टॅसिस, अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये दिलं.

३. पटल कशाचं बनलेलं असतं? सगळं आत का शिरत नाही?

मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. त्यामुळे डोकी बाहेरच्या अंगाला आणि शेपट्या मधे, अशी रचना आपोआप तयार होते. वरणावर सोडलेलं तूप पाण्यात मिसळत नाही, तसाच हा मधला स्निग्ध थर पाण्यात विरघळलेल्या गोष्टींना अडवतो. दोन थरांची ही कल्पना गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये मांडली. त्या थरात प्रथिनं तरंगत असतात, हे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी दिलं.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या थरातून सहज जातात. ग्लुकोज जात नाही. सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित आयन तर अजिबात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची स्वतंत्र दारं असतात आणि प्रत्येक दार ठरावीक पाहुण्यालाच ओळखतं. पोटॅशियमच्या दारातून सोडियम जात नाही, जरी सोडियमचा आयन आकाराने लहान असला तरी! ते दार नेमकं कसं निवड करतं हे रॉडरिक मॅकिनन यांनी दाखवलं आणि त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉलही या पटलात असतं आणि ते तिथे हवंच. पटल उष्णतेत फार पातळ आणि थंडीत फार घट्ट होऊ नये, हे काम ते करतं.

४. विसरण, परासरण, सुलभ विसरण, सक्रिय वहन: लक्षात कसं ठेवायचं?

दोनच प्रश्न विचारा. पदार्थ उताराच्या दिशेने चाललाय की चढाच्या? आणि त्याला दार लागतं का?

जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, दाराशिवाय, ते साधं विसरण. तसाच उतार पण दारातून, ते सुलभ विसरण. पाण्याचं पटलापलीकडे जाणं म्हणजे परासरण. या तिन्हींना पेशीची ऊर्जा लागत नाही. कमीकडून जास्तीकडे, म्हणजे चढावर न्यायचं असेल तर एटीपी (पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवते तो) खर्चावं लागतं आणि ते सक्रिय वहन. मोठे रेणू दारातून मावत नाहीत. त्यांना पटल स्वतः वाकून पिशवीत घेतं किंवा पिशवीतून बाहेर सोडतं. याचं उदाहरण प्रश्न ११ मध्ये आहे.

५. पाणी पटलातून जातं कसं? मधला थर तर स्निग्ध आहे.

थोडं पाणी त्या थरातूनही झिरपतं, पण हळू. पाण्याची खरी वाट म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. पीटर ॲग्रे रक्तगटाशी संबंधित प्रथिनांवर काम करत असताना त्यांना हे अनोळखी प्रथिन सापडलं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन तयार करायला लावलं आणि अंडी कमी क्षाराच्या पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली. ॲक्वापोरिनवाली अंडी फुगत गेली आणि फुटली. पाण्याचं दार सापडलं होतं. २००३ चं नोबेल मॅकिनन यांच्याबरोबर ॲग्रे यांनाही मिळालं.

आता हे शरीरात बघा. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि लघवी होते साधारण दीड लीटर. बाकीचं परत घेतलं जातं. उन्हातून घरी आलात, पाणी कमी प्यायलं गेलंय, की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं. मूत्रपिंडातल्या शेवटच्या नलिकांच्या पेशी आत साठवलेली ॲक्वापोरिनची दारं पटलावर आणून बसवतात आणि पाणी ओढून घेतात. लघवी गडद पिवळी होते ती यामुळे. भरपूर पाणी प्यायलात की तीच दारं पुन्हा आत जातात. अख्ख्या शरीरातल्या पाण्याचा हिशेब एका पटलावरच्या दारांच्या संख्येवर चालतो. मला स्वतःला या धड्यातला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

६. सोडियम-पोटॅशियम पंपाला एवढं महत्त्व का?

प्रश्न २ मधली तफावत तोच राखतो म्हणून. पटल कितीही चांगलं असलं तरी थोडी गळती होतेच, सोडियम आत येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. पटलात बसलेला हा प्रथिनाचा पंप एका एटीपीच्या बदल्यात तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंमध्ये शोधला. शोधनिबंध १९५७ चा, नोबेल १९९७ मध्ये.

तुम्ही शांत झोपलेले असता तेव्हासुद्धा शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या पंपांवर खर्च होतो. पंपाने जमवलेला सोडियमचा हा साठा धरणातल्या पाण्यासारखा असतो. त्याच्या जोरावर पेशी दुसरी कामं करून घेते. आतड्यातलं ग्लुकोज याच जोरावर आत ओढलं जातं (प्रश्न ९).

७. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते परासरणच का? आणि ऱ्हिओच्या पानाच्या प्रात्यक्षिकात नेमकं काय बघायचं?

हो, परासरणच. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावलं की बाहेर क्षाराचं प्रमाण वाढतं आणि पेशींतलं पाणी बाहेर येतं. कैरीच्या फोडींना लोणच्यासाठी मीठ चोळतो तेव्हाही तेच. रात्री भिजत घातलेले मनुके सकाळी टम्म होतात ते याच्या उलट.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची, जांभळी बाजू घ्या. पान तिरकं फाडलं की कडेला पातळ पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलात की षट्कोनी पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात. आता कडेने मिठाचं दाट द्रावण सोडा आणि नजर हलवू नका. दोन-चार मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो आणि मधे गोळा होतो. बाहेरची चौकट मात्र जागची हलत नाही. ती चौकट म्हणजे भित्तिका आणि आत सरकलेली जांभळी कड म्हणजे पटल. एरवी पटल भित्तिकेला इतकं चिकटलेलं असतं की दिसत नाही. यालाच रससंकोच म्हणतात. पुन्हा साधं पाणी सोडलं की पेशी भरते, पण वेळेवर सोडलं तरच. फार उशीर झाला की पटल फाटतं आणि जांभळा रंग पसरून जातो.

तोंडी परीक्षेत विचारतात, “उकळलेल्या पानात हा प्रयोग होईल का?” होणार नाही. उकळल्यावर पटल मरतं, मग निवड करणारं कोणी राहत नाही.

८. सलाइनमध्ये मीठ का घालतात? शुद्ध पाणी शिरेतून दिलं तर?

कधीही देत नाहीत. तांबड्या पेशी फुटतील. वर्गात दोन परीक्षानळ्या घेऊन हे दाखवता येतं. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी, दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब. मागे वर्तमानपत्र धरा. मिठाच्या नळीतून अक्षरं दिसत नाहीत, कारण अखंड पेशी तरंगत असल्याने द्रव गढूळ असतो. दुसऱ्या नळीतून अक्षरं स्पष्ट वाचता येतात. द्रव लाल पण पारदर्शक झालेला असतो, कारण पेशी फुटून हिमोग्लोबिन पाण्यात उतरलेलं असतं.

एक लीटर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. त्यामुळे पेशीच्या आत आणि बाहेर पाण्याची ओढ साधारण सारखी राहते.

यातला अपवाद नर्सिंगच्या मुलींनी लक्षात ठेवावा. ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली देताना रक्ताशी जुळणारी असते, पण पेशी त्यातली साखर वापरून टाकतात आणि शेवटी उरतं ते नुसतं पाणी. म्हणून बाटलीत जुळणारं द्रावण शरीरात गेल्यावर जुळणारं राहतंच असं नाही.

९. जुलाबात ओआरएस का देतात? नुसतं पाणी का पुरत नाही?

पटलाच्या एका छोट्याशा दाराने किती जीव वाचवले हे या उत्तरात आहे, म्हणून ते जरा लांबलं आहे.

कॉलरा घेऊ. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशींना फाडत नाही. तो एक विष सोडतो. हे विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं, त्यांचा शोधनिबंध १९५९ चा. विष पेशीत शिरलं की पटलावरची क्लोराइडची दारं उघडीच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहतं, मागोमाग सोडियम जातं आणि त्यांच्या मागे पाणी. रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि गंभीर रोग्याच्या शरीरातून तासाला एक लीटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. नुसतं पाणी पाजलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही, कारण पाणी क्षारांच्या मागे जातं. शिवाय गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

पण त्याच पटलावर दुसरं एक दार शाबूत असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकत्रच आत घेतं, एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम. एकटा आला तर दार नीट चालत नाही. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र पोहोचवली की ती दोन्ही आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. जुलाब चालू असतानाही.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉक्टर दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या करवल्या, पाण्यात कालवून दिल्या आणि पाजायचं काम रोग्यांच्या घरच्यांवरच सोपवलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्या आत आलं. महालनबिस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मुलांना क्रिकेटपटूंची नावं पाठ असतात, त्यांच्यासोबत हे नावही पाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

१०. ओआरएसची पुडी एका ग्लासात कालवली तर चालेल? घरी करायचं तर प्रमाण काय?

एका ग्लासात अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेली मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लीटर पाण्यासाठी असते. त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. बाजारात लहान पुड्याही मिळतात, त्यावर किती पाणी ते लिहिलेलं असतं. ते वाचून, मोजूनच घाला.

आमच्या शेजारी एकदा दोन वर्षांच्या बाळाला एक लीटरची पुडी एका पेल्यात कालवून दिली जात होती, “दाट असलं की ताकद येते” म्हणून. दाट द्रावणात उलटंच होतं. आतड्यात क्षार-साखर इतकी वाढते की पटलापलीकडचं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक चढू शकतं. फार गोड पेयं आणि डब्यातले रस जुलाबात टाळायला सांगतात तेही यामुळेच.

पुडी नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा, शीग लावून नाही. बाळ सुस्त असेल, पाणी पीत नसेल, लघवी थांबली असेल तर घरी वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

११. इन्सुलिन पेशीत साखर ‘ढकलतं’ का?

ढकलत नाही, दार आणायला सांगतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींमध्ये ग्लुट-४ नावाची दारं आत पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिन पटलाच्या बाहेरच्या अंगाला ग्राहकाशी (निरोप घेणाऱ्या प्रथिनाशी) जुळतं, आत निरोप जातो, पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि दारं बसतात. मग ग्लुकोज उताराने आत जातं. मूत्रपिंडातली ॲक्वापोरिनची गोष्ट (प्रश्न ५) आणि ही गोष्ट एकाच जातीची आहे.

स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं तेही पटलामुळेच. जेवणानंतर ग्लुकोज वाढलं की तिथल्या बीटा पेशींत एटीपी वाढतं, पोटॅशियमचं एक दार बंद होतं, पटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात.

इथे दोन अपवाद आहेत. मेंदूच्या आणि तांबड्या पेशींना साखर घेण्यासाठी इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही, त्यांची दारं कायम पटलावर असतात. आणि स्नायू हालचाल करत असेल तर ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही पटलावर येतं. जेवणानंतर शतपावली करायला सांगतात त्याला हा पेशीपातळीवरचा आधार आहे.

१२. वडिलांच्या डायबिटीसच्या गोळ्यांचा या सगळ्याशी संबंध आहे का?

बऱ्याच गोळ्यांचा आहे. ग्लिमेपिराइड बीटा पेशीवरचं तेच पोटॅशियमचं दार बंद करतं (प्रश्न ११), म्हणून इन्सुलिन सुटतं. जेवण चुकवून ही गोळी घेतली तर साखर खाली जाते, कारण गोळी दार बंद करताना तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातलं सोडियम-ग्लुकोजचं दार अडवतं, म्हणून साखर लघवीतून जाते. हे दार आतड्यातल्या दाराचं (प्रश्न ९) भावंड आहे. हे समजून घेण्यापुरतं. गोळी बदलणं किंवा थांबवणं डॉक्टरांना विचारूनच.

१३. रिपोर्टमध्ये पोटॅशियम खूप आलं आणि लॅबने पुन्हा रक्त मागितलं. चूक कोणाची?

बहुतेक वेळा पेशी फुटल्याची. पोटॅशियम पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस पट असतं. रक्त घेताना किंवा नेताना थोड्या तांबड्या पेशी जरी फुटल्या तरी आतलं पोटॅशियम द्रवात मिसळतं आणि आकडा फुगतो. दंडाला पट्टा बराच वेळ घट्ट राहिला, मूठ सारखी उघड-मीट केली, तरी असं होतं. म्हणून पुन्हा तपासणं योग्यच. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर वाढलेलं पोटॅशियम खरं असू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं आहे. “लॅबचीच चूक” म्हणून सोडून देऊ नका.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट रक्तपेढीत दिसते. पिशवीतलं रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्या थंडीत पंप जवळजवळ थांबतो, गळती मात्र चालू राहते, म्हणून पिशवी जसजशी जुनी होते तसतसं तिच्या द्रवातलं पोटॅशियम वाढत जातं.

१४. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं ना?

नाही. निरोगी मूत्रपिंड तासाला साधारण पाऊण ते एक लीटर पाणीच बाहेर टाकू शकतं. त्याहून जास्त पाणी तासन्‌तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम लीटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं आणि पाणी पेशींत शिरतं. बाकी पेशी थोड्या फुगल्या तर जागा असते. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला जागा नाही. डोकेदुखी, उलट्या, गोंधळणं, झटके हा क्रम त्यातून येतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये हे घडलेलं आहे. तहान लागेल तसं प्या. खूप घाम गेला असेल तर पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या.

१५. बिट्टीच्या बिया इतक्या विषारी का?

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. अंगणात, रस्त्याच्या कडेला सगळीकडे असते, मुलं तिच्या बियांनी खेळतात. तिच्यातली द्रव्यं थेट सोडियम-पोटॅशियम पंपावर बसतात आणि तो बंद पाडतात. हृदयाच्या पेशींत सोडियम साठतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणं जमत नाही, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तातलं पोटॅशियम वर जातं. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध याच पंपावर काम करतं, पण काटेकोर मापात.

बी चावली गेली असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. लक्षणं नसली तरी लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि झाडाचं नाव सांगा.

१६. सिकलसेल हा पटलाचा आजार आहे का?

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. त्यातला मूळ दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, पटलात नाही. पण पटलाचे हाल होतात आणि त्यातून आजार वाढतो. ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, पटल ताणलं जातं, कॅल्शियम आत शिरतं. त्या कॅल्शियममुळे पोटॅशियमचं एक दार उघडतं, पोटॅशियम आणि पाणी बाहेर जातं, पेशी सुकते. सुकलेल्या पेशीत हिमोग्लोबिन आणखी दाट होतं आणि काड्या आणखी लवकर बनतात. हे चक्र आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडू देऊ नका असं सांगतात त्यामागे हे चक्र आहे.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांकडून हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि तो धड्यापुरता नसतो. वर्गातलं एखादं मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणत असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे.

१७. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर घाम का येतो? तापमानाच्या समस्थितीत पटलाचा हात असतो का?

असतो. मज्जापेशींच्या पटलावर उष्णता ओळखणारं एक दार असतं, ते सुमारे ४३ अंशांच्या वर उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उघडतं. मेंदूला निरोप जातो की तोंडात भाजतंय, आणि शरीर घाम काढून गार व्हायला लागतं. पुदिन्यातल्या मेंथॉलसाठी थंडीचं वेगळं दार आहे. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासह.

१८. मज्जापेशी तर संदेश देताना समतोल मोडते. मग ती समस्थितीत कशी?

चांगला प्रश्न, आणि बारावीची हुशार मुलंच विचारतात. विश्रांतीत मज्जापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतात. संदेश येताच सोडियम आत घुसतं आणि क्षणभर आकडा उण्याचा धन होतो. पण एका संदेशात पेशीतल्या एकूण आयनांचा अगदी नगण्य भाग इकडून तिकडे जातो. साठा जवळजवळ तसाच राहतो आणि पंप तो पुन्हा भरत असतो. प्रश्न २ मधली तफावत नसती तर संदेश द्यायला पेशीजवळ काही उरलंच नसतं.

१९. माणूस गेल्यावर पटलाचं काय होतं?

रक्तपुरवठा थांबतो, एटीपी संपतं, पंप थांबतात. गळती मात्र चालू असते. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत. स्नायूंमध्ये कॅल्शियम सुटतं आणि आकसलेले तंतू सोडवायला एटीपी नसतं, म्हणून काही तासांत शरीर ताठ होतं. जी बरोबरी पेशी आयुष्यभर होऊ देत नाही, ती आता हळूहळू होत जाते. न्यायवैद्यक तज्ज्ञ मृत्यूची वेळ अंदाजताना डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवातलं पोटॅशियम मोजतात. पेशींमधून ते तासागणिक त्या द्रवात उतरत राहतं.